ज्या वर्षी दाढ भाजली नाही

त्या काळात मला सगळं माहीत होतं. कृष्णविवराच्या काठाशी घड्याळ का मंदावतं, झोपेत मेंदू काय उद्योग करतो, मुंग्या रांग कशी धरतात, आभाळ निळं का दिसतं. कुणी विचारायचा अवकाश, मी सुरू. खरं सांगायचं तर विचारायची वाटही मी पाहत नसे. माले गावातल्या आमच्या घरी दिवेलागणीला ताटं मांडली जायची. आई चुलीपुढं बसून तांदळाच्या पिठाची उकड मळायची, ओल्या हातानं भाकरी थापायची, आणि त्या थापण्याच्या आवाजात गोठ्यातली म्हैस खुंट्याला शिंगं घासत उभी असायची. शनिवार-रविवार असला तर धरणाकडं गेलेल्या गाड्या परत पुण्याकडं निघालेल्या असायच्या, त्यांची घरघर जेवण संपेपर्यंत चालायची. या सगळ्यावर आवाज चढवून मी सांगायचे, "अण्णा, तुम्हाला माहितीये का, सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात!" अण्णा, म्हणजे माझे वडील, भाकरीचा तुकडा सुकटीच्या कालवणात बुडवत म्हणायचे, "बेस हाय की. आपल्या हितं लाइट गेली की यायला च्यार तास लागत्यात." आई तोंडाला पदर लावून हसायची. मला भयंकर राग यायचा. विश्वाचं एवढं मोठं गुपित मी घरात आणतेय आणि यांना विजेच्या तारांचं पडलंय, असं वाटायचं.

हे सगळं ज्ञान एका फोनमधून यायचं. तो माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा जुना फोन. दहावीला बरे मार्क पडले म्हणून त्यांनी तो मला दिला होता, एका कोपऱ्यात काच तडकलेला. तात्या अण्णांचे धाकटे भाऊ. भूगावात फ्लॅट घेऊन राहायचे आणि एका कंपनीची बस चालवायचे. आमच्या घरात फोनला रेंज नावालाच असे, म्हणून म्हशीला गवत आणायचं निमित्त काढून मी गावच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. तिथं व्हिडिओ अडखळत नसे. एक माणूस पांढऱ्या पाटीवर भराभर चित्रं काढायचा आणि त्याहून भराभर बोलायचा. त्याचा चेहरा कधी दिसत नसे, नुसता हात दिसायचा, स्वच्छ नखांचा. दहा मिनिटांत तो अख्खं विश्व सुरू करून संपवायचा, आणि संपलं की लगेच दुसरं काहीतरी आपोआप सुरू व्हायचं. तिथून उठताना डोकं गच्च भरल्यासारखं वाटायचं. पोट भरल्यावर वाटतं ना, तसंच सुख. हळूहळू माझी भाषाही बदलली. 'आमी', 'तुमी' सुटलं, 'आपण जर विचार केला तर' असली वाक्यं तोंडात आली. आई शेजारच्या हिराकाकूला सांगायची, "आमची पोरगी आता बातम्यातल्या बाईवानी बोलतीया." त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता जमिनीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. आजोबांच्या मागं जमीन दोघा भावांच्या नावावर एकत्रच राहिली होती. डोंगराच्या अंगाला भाताची चार लहान खाचरं, आणि खाली रस्त्याला लागून एक मोठं. आमच्या आजूबाजूला बंगल्यांचे प्लॉट पडायला लागले होते, आणि तात्यांना मोठं खाचर विकावं असं फार वाटत होतं. त्यात वाईट काही नव्हतं. त्यांना त्यांचा संसार होता. अण्णा मात्र ऐकत नव्हते. शेवटी दोघांत एक बोली झाली, माझ्यासमोर, आमच्या ओटीवर. अण्णा जोवर दरसाल सगळी खाचरं लावतात तोवर जमिनीला हात लावायचा नाही. एखादं जरी पड राहिलं, तर मग तात्या म्हणतील तसं. अण्णा हसले होते. एवढ्या वर्षांत त्यांचं कुठलं खाचर कधी पड राहिलं नव्हतं, त्यामुळं ही बोली म्हणजे आपलीच जीत, असं त्यांना वाटलं असावं.

भाताचं रोप जिथं तयार करतात तिला आमच्याकडं दाढ म्हणतात. उन्हाळ्यात ती जागा भाजून घ्यायची. आधी शेणाचा थर, त्यावर डोंगरातून तोडून आणून वाळवलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यांत वर चाळल्यासारखी बारीक माती. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूनं विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत सुटत नाही, रांगत जाते. दिवसभर ते धुमसत राहायचं. त्या दिवसांत सगळ्या गावाच्या कपड्यांना, केसांना, पाण्यालासुद्धा तो धुरकट वास यायचा. डहाळ्यांचे भारे डोक्यावरून आणताना मान मोडून यायची. लहानपणी मला ते काम आवडायचं. अकरावीच्या सुट्टीत ते मला अडाणीपणाचं वाटायला लागलं.

कारण त्याच सुट्टीत, टाकीच्या कट्ट्यावर, मी मातीवरचा एक व्हिडिओ पाहिला. तो स्वच्छ नखांचा हात पाटीवर मातीचा एक कण काढत गेला आणि त्यात जीवच जीव भरत गेला. बुरशीचे धागे, जिवाणू, न दिसणारे किडे, सगळे एकमेकांना अन्न देणारे. शेवटी त्या आवाजानं म्हटलं की माती जाळणं म्हणजे अख्खं शहर जाळणं. मागं उदास संगीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी आज कबूल करते. मी तशीच गवत न घेता घरी आले. अण्णा ओटीवर दोरी वळत बसले होते.

"अण्णा, यंदा दाढ भाजायची नाही."

"का गं?"

मी कमरेवर हात ठेवून सगळं सांगितलं. शहर, धागे, जिवाणू. पाचोळा जाळण्याऐवजी शेणात कुजवून मातीत मिसळायचा, म्हणजे रोप कसं जोमानं येईल, तेही सांगितलं. अण्णांनी दोरी वळायची थांबवली. आई आतून हात पुसत बाहेर आली. "आवं, खुळं का काय! पोरगी सांगती आन् तुमी ऐकत बसलाय? मामंजीनी भाजली, त्येंच्या बानं भाजली, समदं गाव भाजतंय."

"आये, आधीपासून करत आलो हे काही कारण होत नाही," मी म्हणाले. हे वाक्यही व्हिडिओतलंच.

आईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा दोरीकडं पाहत राहिले. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. मी रोज नवा व्हिडिओ पाहून रोज नवा मुद्दा आणत होते आणि ते नुसते "हूं" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "बरं. बघू यंदा पोरीच्या म्हनन्यावानी." आईनं कपबशी जरा जोरात आपटली. मला वाटलं, आपण जिंकलो. माझ्या मुद्द्यांना त्यांच्याकडं उत्तर नाही, म्हणजे माझे मुद्दे बरोबर, इतकं सोपं होतं माझं गणित.

तेव्हाच्या त्या मुलीचा, म्हणजे माझाच, आता मला राग येत नाही. थोडी लाज वाटते आणि बरीचशी कीव येते. ती आळशी नव्हती. तिनं गोठ्यातलं शेण पाट्या भरभरून दाढेत नेलं, पाचोळा मिसळला, हाताला फोड येईतो कुदळीनं माती खालीवर केली. अण्णांनी तिच्या म्हणण्याप्रमाणं त्या मातीत बी फोकलं, म्हणजे हातानं विखरून पेरलं. गावात सगळीकडं काळ्या राखेचे चौकोन आणि आमची एकटी तांबूस दाढ. येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. "काय आण्णा, यंदा इस्तू गावला न्हाई व्हय?" अण्णा म्हणायचे, "पोरगी सायन्सला हाय आमची." ते असं म्हणाले की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं व्हायचं.

पाऊस लागला आणि आठवड्याभरात आमची दाढ अशी हिरवी झाली की विचारू नका. राखेवरची लोकांची रोपं अजून विरळ, पोपटी, आणि आमचं हिरवं रान बोटभर उंच, गच्च, मध्ये मातीसुद्धा दिसत नव्हती. मी फोटो काढला, टाकीवर जाऊन वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांची रांग लागली. संध्याकाळी आईला ओढतच दाढेवर नेलं. ती उकिडवी बसली. तिनं एक पान दोन बोटांत धरून खालून वर ओढलं. मग दुसरं. मग तिसरं मुळासकट उपटून डोळ्यांजवळ नेलं.

"ह्ये भात न्हाई," ती म्हणाली.

"असं कसं? आपण भातच पेरलं होतं."

"भाताचं पान हाताला खरबरीत लागतंय. आन् हितं, सांद्याला, बारीक जीब आस्ती त्येला. ह्येला हाय का बग? पाखड हाय ही." पाखड म्हणजे भातासारखंच दिसणारं गवत, कोवळं असताना तर आई सोडून कुणाला ओळखू येऊ नये इतकं सारखं. तिनं आणखी चार-पाच उपटली, प्रत्येकाला बोट लावून पाहिलं. "लई हाय. समदीकडं हाय. भात हाय, पर मदीमदी, गुदमारल्यालं." ती मला एका शब्दानंही रागावली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं दाढेत बसलो. एकेक पान चाचपून पाखड उपटायची. मला पहिल्यांदा काही कळेना. मी दर चार पाखडींमागं एक भात उपटत होते. आणि जमीन इतकी बसली होती की पाखड ओढली की शेजारचं भातही तिच्याबरोबर वर यायचं, नाहीतर भाताची मुळं आतच तुटायची. भाजलेल्या दाढेतलं रोप कसं, नुसतं बोटानं उचललं तरी सगळ्या मुळांसकट हातात येतं. हे मी जन्मापासून पाहत आले होते, पण ते तसं का येतं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अण्णांनी राहिलेलं बी एका कोपऱ्यात पुन्हा टाकून पाहिलं. तोवर पावसानं असा जोर धरला होता की ते सगळं बी वाहून बांधाच्या कडेला जमलं.

अर्थातच मी फोनकडं धावले. पावसात, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, टाकीच्या कट्ट्यावर उभी राहून मी उपाय शोधत होते. एकानं एक औषध सांगितलं, दुसऱ्यानं तेच औषध मारू नका म्हणून सांगितलं, तिसरा म्हणाला घरच्या घरी मिठाचं पाणी फवारा. सगळे मला 'मित्रांनो' म्हणत होते. सगळ्यांचे आवाज तितकेच खात्रीचे होते. शेवटी मी तो पहिला व्हिडिओ उघडला, ज्यानं मला रडवलं होतं, आणि खाली लिहिलं: 'सर, तुमचं ऐकून आम्ही भाताची दाढ भाजली नाही. आता सगळं गवत आलं आहे. आता काय करू? लवकर सांगा.' दोन-तीन वेळा वाचून पाठवलं. दिवसातून चार वेळा टाकीवर जाऊन पाहिलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसानं माझ्या प्रश्नाला अंगठा दिला होता, बस.

मी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. तो हात तसाच चित्र काढत होता, तो आवाज तसाच खात्रीनं बोलत होता. त्या माणसानं काही खोटं सांगितलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की याला आपण ऐकूच येत नाही. इतके महिने मी ज्याच्यासमोर बसत होते, त्याला माले ठाऊक नव्हतं, दाढ ठाऊक नव्हती, पाखड ठाऊक नव्हती. मी फोन बंद केला आणि तिथंच पावसात उभी राहिले. माझ्याकडं करण्यासारखं काहीच नव्हतं.

आमच्याकडं लावणी सावडीनं होते. पाच-सहा घरच्या बायका एकत्र येऊन आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या खाचरात, असं पाळीपाळीनं लावतात. मजुरी नाही, ज्याच्याकडं लावणी त्याच्याकडं जेवण. आई आणि मी बाकी सगळ्यांच्या घरी जाऊन लावणी करून आलो होतो. आमची पाळी आली तेव्हा आई आदल्या दिवशी म्हणाली, "सांगू का त्येस्नी, येऊ नगा म्हून?" अण्णा म्हणाले, "येऊ दे. हाय त्येवडं लावू." आईनं पहाटे उठून पाट्यावर मसाला वाटला. मी धरून आणलेले खेकडे होते, त्यांचा तांबडाभडक रस्सा केला, भाकरींची चवड लावली. नऊ बायका आल्या. गुडघाभर चिखलात एका ओळीत वाकल्या, गाणी सुरू झाली. वरची दोन लहान खाचरं बघता बघता झाली. मग हिराकाकूनं मागं न बघता हात मागं केला, रोपाच्या पुढच्या जुडीसाठी, जसा त्या दिवसांत हजार वेळा करतात तसा. जुड्या द्यायचं काम माझं होतं. माझ्याकडं जुडी नव्हती.

तिचा हात तसाच राहिला. मग तिनं वळून पाहिलं. गाणं एकेका बाईकडून थांबत गेलं. अजून दुपारही झाली नव्हती. चिखलात उभ्या राहिलेल्या नऊ बायका, मोकळे हात, आणि खाली रस्त्याकडेला चिखलणी करून ठेवलेलं मोठं खाचर, पाण्यानं भरलेलं, आभाळ दाखवणारं. आई बांधावर उभी होती. तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

हिराकाकूच बोलली. "आगं, मग बसू की जेवाया! खेकडं वाट बघत्यात आमची." सगळ्या हसल्या. जेवताना खूप बोलल्या, रश्शाचं कौतुक केलं, दोघींनी परत मागून घेतला. दाढेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इतकी माया मला सहन होत नव्हती. चार दिवसांनी हिराकाकूनं आणि आणखी एका घरानं आपलं उरलेलं रोप दिलं, जरा जून झालेलं, त्यावर वरची दुसरी दोन खाचरं लागली. मोठं खाचर मात्र राहिलं. एवढं रोप उरलेलं गावात कुणाकडंच नव्हतं.

श्रावणात मोठ्या खाचरात पाखड कमरेइतकी वाढली. वाऱ्यावर अशी लाटा घ्यायची की शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या थांबायच्या आणि लोक तिच्यापुढं उभे राहून फोटो काढायचे. 'काय सुंदर शेत आहे' असं एक बाई मला म्हणाली. तात्या आले ते अशाच एका रविवारी. बांधावर बराच वेळ उभे राहिले. अण्णा त्यांच्या शेजारी. मी चहा घेऊन गेले तेव्हा तात्या खाली मान घालून म्हणत होते, "आण्णा, मी शबूद पाळला हुता."

"व्हय," अण्णा म्हणाले.

"मंग आता?"

"तू म्हनशील तसं."

एवढंच. दोन भावांत आवाज चढला नाही, कुणी कुणाला बोल लावला नाही. मी मध्येच म्हणाले, "तात्या, यात अण्णांची चूक नाही. माझी आहे. मीच सांगितलं होतं त्यांना." म्हणजे निदान शिक्षा तरी मला होईल, असं काहीतरी वाटलं असेल. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुजा काय दोस? तुमी शिका." चहा निवून गेला. दिवाळीनंतर खाचराच्या चारी बाजूंनी सिमेंटचे खांब आले, मग तारा आल्या. अण्णा रोज त्या तारांच्या कडेनं वरच्या खाचरांकडं जायचे. आधी ते मधून जायचे.

पौडच्या ज्युनिअर कॉलेजात ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं होती. त्यात खालच्या फळीवर मला मृदाशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक सापडलं, पाठीचं कव्हर निघालेलं. ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, "ने घरी. आजवर कुणी मागितलं नाही." मी ते नेलं ते उत्सुकतेनं नव्हे. माझं नक्की काय चुकलं, ते मला समजून घ्यायचं होतं. ज्याच्यामुळं खाचर गेलं ते निदान दोन डोळ्यांनी बघायचं होतं. पहिल्या दिवशी एक पान झालं नाही. एका वाक्यात चार शब्द अडायचे, त्या चार शब्दांसाठी मागं जावं लागायचं, मागं गेलं की रसायनशास्त्र आडवं यायचं. जमीन तापल्यावर काय होतं, ही चार पानं वाचायला मला अडीच आठवडे लागले. आणि त्या चार पानांत 'भाजा' किंवा 'भाजू नका' असं कुठंही नव्हतं. प्रत्येक विधानाला अट होती. माती किती ओली, आच किती वेळ, किती खोलवर. वरच्या दोन बोटं मातीतले जीव मरतात, हे त्यातही होतं, म्हणजे त्या हाताचं म्हणणं खरं होतं. पण त्याच दोन बोटांत तणाचं बी असतं, तेही मरतं. खालचे जीव काही दिवसांनी वर येतात. मेलेल्या जिवांतलं अन्न रोपाला लगेच मिळतं. माती मोकळी होते, म्हणून रोप मुळांसकट येतं. मी घातलेल्या ताज्या शेणातूनही गवताचं बी गेलं असणार. आणि दरसाल त्याच जागी फार कडक भाजत राहिलं तर मातीचा कस उतरतो, तेही लिहिलं होतं. कुठल्याच बाजूनं मला मोकळं सोडलं नव्हतं त्या पुस्तकानं.

व्हिडिओ मी सोडले नाहीत, ते सुटले. तापातून उठल्यावर तोंडाला चव नसते, तसं काहीतरी झालं. कट्ट्यावर बसून एखादा लावायचा, तो आवाज काहीतरी सांगायला लागायचा, आणि दुसऱ्याच मिनिटाला माझ्या डोक्यात यायचं: कुठल्या मातीत? किती खोल? किती वेळ? त्याच्याकडं तेवढा वेळ नसायचा. मी बंद करायचे. मैत्रिणी म्हणायच्या, तू आता काही सांगत नाहीस. काय सांगणार? जे वाचत होते त्यातलं एकही वाक्य जेवताना सांगता येण्यासारखं नव्हतं. घरात संध्याकाळी आता भाकरीचा आणि म्हशीचाच आवाज असायचा. एकदा आई म्हणाली, "आगं, बोल की कायतरी. त्ये सूर्याचं सांग." मला सांगता आलं नाही.

आज माझं काम मातीचंच आहे. लोक नमुना पिशवीत घेऊन येतात आणि म्हणतात, "म्याडम, एका वाक्यात सांगा, काय टाकू?" त्यांच्या घाईत मला टाकीच्या कट्ट्यावरची मुलगी दिसते. मी त्यांना बसवून घेते, चहा देते, आणि दहा प्रश्न विचारते. काही जण कंटाळून उठून जातात. त्यांना थांबवायची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

खाचर गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णांनी दाढ भाजली. चारच खाचरं उरली होती, त्यामुळं दाढही लहान, अंगणाएवढी. दुपारची वेळ होती. विस्तव तारांच्या कुंपणाकडं जाऊ नये म्हणून आम्ही दोघं जांभळाच्या सावलीत राखण बसलो होतो. धूर जमिनीलगत सरपटत प्लॉटवर चालला होता. मी पुस्तक बरोबर नेलं होतं. ते वाचल्यापासून मनात होतं, त्यांना सांगायचं. धीर होत नव्हता. त्या दिवशी मी ती चार पानं त्यांना वाचून दाखवली. अडेल तिथं आमच्या भाषेत सांगितलं, आमच्याच, 'हाय'-'न्हाई'च्या. तणाचं बी, मोकळी माती, मुळं, सगळं. अण्णा धुराकडं बघत ऐकत होते. एकदोनदा त्यांनी मान हलवली.

"अण्णा, तवा तुमी मला गप का बसवलं न्हाई?" मी विचारलं. "एक सबूद बोलला आस्ता तर मी ऐकलं आस्तं."

"काय बोलू?" ते म्हणाले. "का भाजायची न्हाई, त्याची तू धा कारनं सांगितलीस. का भाजायची, त्याचं मला येकबी सांगता येईना. दोन दीस लई इचार केला मी. माज्या बानं मला कसं भाजायचं त्येवडं दावलं, का त्ये सांगितलंच न्हाई. त्येला तरी कुनी सांगितलं आसंल? मंग मला वाटलं, आपल्याकडं कारन न्हाई, म्हंजी पोरीचंच खरं आसनार."

मी पुस्तकावर हात ठेवून बसले होते. दाढेच्या एका कडेला ज्वाळ उठली, ते उठून गेले, फावड्यानं तिच्यावर माती ओढून आले आणि पुन्हा माझ्या शेजारी टेकले. मग त्यांनी बोटानं पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

"वाच म्होरं," ते म्हणाले. "आजून काय काय बरूबर करत हुतो आमी, त्ये तरी कळंल."